बॅटरीखालचा ओघळ

रविवार, दिनांक १७ ऑगस्ट २०२५. स्थळ, सिडनीच्या पश्चिमेकडील गिरावीन या उपनगरातील तुस्कानो कुटुंबाचे राहते घर. डॅरेन तुस्कानो याच्या मृत्यूला वर्ष झाले म्हणून चर्चमधली मिस्सा सकाळी झाली होती, आणि दुपारच्या जेवणाआधी त्याच्या गाडीची तपासणी व्हायची होती. या दोन गोष्टी एका दिवशी ठेवू नयेत, असे त्याच्या आईने, नॅन्सीने, आठवडाभर सांगून पाहिले. तिचे कोणी ऐकले नाही, कारण खरे कारण तिने कोणाला सांगितले नव्हते.

नॅन्सी फुगे तळत होती. आंबवलेले पीठ डाव्या मुठीत दाबून अंगठ्यापाशी त्याचा गोळा वर काढायचा आणि ओल्या बोटांनी तो अलगद तेलात सोडायचा, हे वसईला सासूकडून शिकलेले काम तिचे हात आपोआप करीत होते. डोळे मात्र खिडकीतून मागच्या गॅरेजकडे लागले होते. गॅरेजचे शटर अर्धे वर होते. त्याखालून नवऱ्याचे, मार्शलचे, मिस्सेसाठी पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते, आणि ते एका जागी ठरत नव्हते.

"मम्मी, तू तिकडे बघत फुगे सोडलेस तर हात भाजेल," सिंथिया म्हणाली. धाकटी लेक. पहाटेच कॅनबेराच्या गुंगालिनहून गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडून ती निघाली होती.

"प्रताप आला का गं?"

"तिसऱ्यांदा विचारतेयस. तुझा दात दुखतोय का?"

प्रताप राजाध्यक्ष हा ब्लॅकटाउनचा दंतवैद्य, आणि जुन्या अमेरिकन गाड्यांच्या क्लबातला परीक्षक. डॅरेनचा मित्रही तोच. पण नॅन्सीला हसू आले नाही.

"त्याला म्हणावं, आज नुसतं जेवून जा. गाडी पुढच्या रविवारी बघ."

"पुढच्या रविवारी मी इथे नाही. आणि ईस्टरला याच टेबलावर काय ठरलंय? प्रताप पास म्हणाला तर गाडी ऑक्टोबरच्या शोला जाईल आणि घरात राहील. नाही म्हणाला तर विकायची. पपांनी स्वतः 'यस' म्हटलंय, तुझ्या सुनेने, यामिनीनेही." सिंथियाने आवाज खाली आणला. "मी गाडीच्या अगेन्स्ट नाही गं. पण पपा ह्या थंडीत सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्या काँक्रीटवर उभे असतात. तू इथे एकटी टीव्हीशी बोलत बसतेस."

"टीव्ही निदान उत्तर तरी देतो," नॅन्सी म्हणाली आणि पुढचा फुगा सोडला.

ज्या गाडीसाठी हा करार झाला होता, तिला घरात 'हिरवी' म्हणत. एकोणसत्तर साली डेट्रॉइटमध्ये तयार झालेली, दोन दारांची, लांब नाकाची, व्ही-एट इंजिनाची मसल कार. डॅरेनने ती क्वीन्सलंडमधल्या एका शेडमधून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या, आणि कोण्या जुन्या मालकाने त्या काळच्या नियमाला भिऊन स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणले होते. डॅरेनने ते पुन्हा डावीकडे नेले. लोकांना यात वेडेपणा दिसे. पण जुन्या गाड्या मूळ रूपात आणण्याच्या या विद्येचा सिद्धान्तच असा आहे, की गाडी नवी करणे सोपे. ती जेव्हा नवी होती तेव्हाची करणे अवघड. पहिल्या कामाला रंग आणि पैसा पुरतो. दुसऱ्याला स्वतःची आवड, स्वतःची सफाई आणि स्वतःचा काळ बाजूला ठेवावा लागतो, आणि हा त्याग चांगल्या कारागिराला जितका जड जातो तितका वाईट कारागिराला जात नाही.

तुस्कानो चांगल्या कारागिरांचे घराणे होते, आणि नॅन्सीची भीती नेमकी तेथे होती.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात ती चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली, तेव्हा डॅरेन लोकरी टोपी घालून स्टुलावर बसला होता. केमोने त्याच्या बोटांतली जाणीव कमी झाली होती. कप त्याच्या हातात देताना ती स्वतःचा हात लगेच सोडत नसे. समोर कुंपणाचा एक जुना पत्रा आडवा ठेवलेला होता आणि त्यावर काळ्या रंगाचे पट्टे मारलेले होते.

"ये मम्मी. बघ, चूक करायला शिकतोय."

"ती शिकावी लागते का रे?"

"ही लागते." तो उत्साहाने सांगू लागला. "इथे एक माणूस उभा आहे. एकोणसत्तर साल. हातात रंगाची गन. गाडी पुढे सरकतेय आणि त्याला घाई आहे, कदाचित लंचची बेल व्हायचीय. रेडिएटरची चौकट त्याला काळी करायचीय, पण तो नीट मारत नाही. कड फाटते, काळा रंग हिरव्यावर उडतो. आणि ह्या कोपऱ्यात तो क्षणभर रेंगाळतो, म्हणून इथे ओघळ येतो. बेंडिगोला कुणाचाही हात न लागलेली अशीच एक गाडी आहे, तिच्यात अगदी इथेच ओघळ आहे." मग पत्र्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "पपांना सांगू नकोस हां. पूर्ण झालं की मीच समजावीन. नाहीतर पुसून टाकतील."

पूर्ण झाले, पण समजावायला तो उरला नाही.

अंत्यविधीनंतर मार्शल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आंघोळ नाही, दाढी नाही, दोन घासांपलीकडे जेवण नाही. मग एका सकाळी तो आपण होऊन उठला, गॅरेजमध्ये गेला, बॉनेट उघडले, आणि डोळे पुसत परत आला. "नॅन्सी, पोराचा हात किती थरथरत होता गं! वेडावाकडा रंग, ओघळ. लोकांना हे दिसू द्यायचं नाही." त्याने पॉलिश पेपर पाण्यात भिजत घातला. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. एक वाक्य बोलली असती तर पुरे होते. ती बोलली नाही. त्या दुपारी मार्शल आंघोळ करून टेबलाशी बसला आणि त्याने भात मागून घेतला.

आज तो रंग पाहायला प्रताप येत होता.

"आला बघ," सिंथिया म्हणाली.

*

यामिनीने गॅरेजचे शटर पूर्ण वर ढकलले. कुंपणापलीकडच्या वॅटलच्या झाडावरची पिवळी फुले वाऱ्याने आत येऊन गाडीच्या टपावर पडली; तिने ती हाताने न झटकता फुंकरीने उडवली. मऊ फडक्याशिवाय या रंगाला हात लावायचा नाही, ही डॅरेनची शिस्त होती आणि त्याची बायको म्हणून ती अजून तिच्या अंगात होती.

लग्न झाले तेव्हा मार्शल तिला नावाने हाक मारीत नसे. "ती पुण्याची" म्हणे. चर्चमध्ये लग्न होऊनही तिने बाप्तिस्मा घेतला नाही, हे त्याला पुष्कळ वर्षे गिळता आले नव्हते. पण या एका वर्षात दोघांची युती झाली होती. सिंथिया गाडीचे नाव काढताच हे सासरा-सून एका बाजूला होत. गॅरेज ही या घरातली एकच खोली होती, जिथे डॅरेनचा विषय वर्तमानकाळात निघे: डॅरेन ही क्लिप अशी लावतो, डॅरेनला हा नट चालत नाही.

"अंकल, आधीच सांगतो," प्रताप चर्चच्या शर्टावर ओव्हरऑल चढवीत म्हणाला, "आज मी प्रताप नाही. आज मी जज. बिअर नंतर."

"अरे, पण पेशंट तयार आहे. तोंड उघडायला सांग तिला."

"आ करा," प्रताप गाडीला म्हणाला आणि यामिनीला खुदकन हसू आले. वर्षाच्या मिस्सेच्या दिवशी आपण हसलो, याचे तिला लगेच वाईट वाटले.

त्याने खिशातून दातांचा लहानसा आरसा काढला. लांब दांडीचा, नखाएवढ्या काचेचा. जिथे डोके जात नाही तिथे तो हा आरसा घाली, म्हणून क्लबातले लोक त्याला घाबरत. दारांपासून त्याने सुरुवात केली.

"काचेवरचा तारखेचा कोड?"

"मार्च. गाडी एप्रिलची," मार्शल परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ताठ उभा राहून म्हणाला.

"बरोबर. काच आधी, गाडी नंतर. पाइपांच्या क्लिपा?"

"त्या काळच्याच. ओहायोच्या एका म्हाताऱ्याने पाठवल्या. डॅरेन आणि तो व्हॉट्सअॅपवर तास-तास बायबलवर भांडायचे," यामिनी म्हणाली. "क्लिपा आल्यावर पण भांडण चालूच."

"वायरींवरची टेप न चिकटणारी, कारखान्यातल्यासारखी. गुड. फारच गुड. डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या भिंतीवरचा हा पिवळ्या खडूचा आकडा?"

"हा मला कधीच पटला नाही," मार्शल पुढे झाला. "एवढी सुंदर भिंत आणि तिच्यावर शाळकरी पोराने ओढल्यासारखा चार! पण डॅरेन म्हणाला, कारखान्याच्या लाइनवरच्या माणसाने असाच लिहिला होता. म्हटलं, राहू दे बाबा, तुझ्या अमेरिकनाचा चार."

"हा चार बरोबर आहे, अंकल. हाच फोटोतला चार."

मार्शलने यामिनीकडे विजयी नजरेने पाहिले, आणि तिने अंगठा वर केला. मग प्रताप इंजिनाच्या पुढच्या बाजूला गेला आणि वाकला.

त्याने फोन काढला, त्यातला बेंडिगोच्या गाडीचा फोटो मोठा केला, पुन्हा वाकला. चष्मा काढून पुसला. बोटाचे टोक रेडिएटरच्या चौकटीजवळ नेले आणि न टेकवता मागे घेतले. यामिनीने ही शांतता ओळखली. दवाखान्यात शेवटच्या स्कॅननंतर डॉक्टर अशाच शांततेने खुर्ची पुढे ओढून बसला होता.

त्याच क्षणी नॅन्सी दारात आली. तिच्या हातात फुग्यांची परात होती आणि कपाळावर घाम.

"आधी खाऊन घ्या रे. गार होतायत."

"पाच मिनिटं, आंटी."

"गाडी कुठे पळून जातेय का? प्रताप, ऊठ बघू!"

हा आवाज नॅन्सीचा नेहमीचा नव्हता. यामिनीने चमकून सासूकडे पाहिले. मागोमाग सिंथियाही आली. प्रताप उठला, पण परातीकडे वळला नाही.

"अंकल," तो म्हणाला, "हे काळं कोणी मारलं?"

*

मार्शलला हा प्रश्न हवाच होता. वर्षभर तो त्याची वाट पाहत होता, हे त्याला आता कळले.

"काय झालं? रेघ बघ की. पट्टी लावून बघ. केसाएवढा फरक निघाला तर नाव बदलीन."

"रेघ सुंदर आहे. म्हणूनच विचारतोय. आधी इथे काय होतं?"

मार्शलने एकदा सगळ्यांकडे पाहिले. सांगायचे नाही असे त्याने ठरवले होते. पण विचारणारा मुलाचा मित्र होता, दिवस मुलाचा होता, आणि केलेल्या कामाचे एक छुपे समाधान त्याच्या छातीत फार दिवस दाटून राहिले होते.

"आता तू विचारलंस म्हणून. त्याचे हात गेले होते रे शेवटी. कप पडायचे. कड सगळी फाटलेली, हिरव्यावर काळे शिंतोडे, कोपऱ्यात ओघळ. मला बघवेना. आमचे बाबा, पास्कोल, वसईत चर्चची दारं बनवायचे. त्यांचा एकच नियम होता, कामात हात दिसता कामा नये. मी ठाण्याच्या कारखान्यात, टूलरूममध्ये जन्म काढला तो त्याच नियमावर, आणि इथेही. माझ्या मुलाच्या शेवटच्या कामात लोकांना त्याचा आजार दिसावा? नाही. घासून काढलं, टेप लावून नव्याने मारलं. बापाने एवढं तरी करावं."

गॅरेजमधला जुना फ्रिज घरघरत होता. बाहेर एक मॅगपाय पक्षी ओरडून थांबला.

"पपा," यामिनी म्हणाली, "तुम्ही ते घासलंत?" वर्षभर त्याने त्या चौकटीवर फडके टाकून ठेवले होते.

"तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही, बाळ."

ती वळून बाहेर गेली. टोमॅटोच्या वाफ्याला आडोसा म्हणून लावलेला कुंपणाचा पत्रा तिने उपसून आणला आणि मातीसकट सासऱ्यासमोर धरला. "हे बघा."

पत्र्यावर काळ्या पट्ट्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक पट्ट्याची कड फाटलेली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात एक ओघळ. वरच्या ओळींतले ओघळ लांब, आखूड, चुकलेले. खाली येता येता ते एकमेकांसारखे होत गेले होते, आणि शेवटच्या ओळीत तर एक झाकून दुसरा दाखवला असता तर फरक सांगता आला नसता. मार्शलने खिशातला चष्मा लावला. कोणी त्याला काही समजावण्याची गरज नव्हती. एकासारखा दुसरा तुकडा निघतो की नाही, हे पाहण्यात त्याचे आयुष्य गेले होते. थरथरणारा हात एकच चूक दोनदा करू शकत नाही. ही चूक पुन्हा पुन्हा केलेली होती, जाणीव गेलेल्या बोटांनी, आणि शेवटी ती त्या बोटांना साधली होती.

त्याने पत्रा हातात घेतला. त्याच्या अंगठ्याला माती लागली.

"फोटोत असंच आहे?" त्याने प्रतापला विचारले.

"अगदी असंच."

"म्हणजे तो... त्या लाइनवरच्या माणसाचा हात..."

"हो अंकल. त्या माणसाचा हात दाखवत होता. आमच्या क्लबात हे आजवर कुणाला जमलेलं नाही. त्याने मला फोन करून सांगितलं होतं, ये बघायला. मी म्हटलं, हिवाळा संपला की येतो."

मार्शलने मान हलवली. पत्रा जपून भिंतीला टेकवून ठेवला. मग तो पत्नीकडे वळला. तिच्या हातातली परात थोडी कलली होती आणि एक फुगा काँक्रीटवर पडला होता. तो उचलायला ती वाकली नव्हती.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी घासत होतो तेव्हा?"

"हो."

"दारात उभी होतीस तू. चहा घेऊन."

"तुम्ही बिछान्यातून उठला होता," नॅन्सी म्हणाली. "मी काय करायला हवं होतं? पोरगा गेला होता. तुम्हीही भिंतीकडे तोंड करून चालला होता. मला दोघांतलं एक वाचवायचं होतं. रंग नाही वाचवला मी."

मार्शल बाकाकडे गेला, बाकावर हात टेकून उभा राहिला, आणि त्याची पाठ हलू लागली. सिंथिया धावत त्याच्याजवळ गेली.

"पपा. पपा, इट्स ओके."

"ओके काय आहे त्यात?" यामिनीचा आवाज चिरकला. "सिंथिया, ओके काय आहे? माझ्याकडे त्याचं काय उरलंय? शर्टांचा वास पण गेला. हे एक होतं. रात्री उलट्या करून पहाटे इथे येऊन बसायचा तो. मी रागवायचे, तो म्हणायचा, थांब गं, माणूस सापडलाय मला. आणि ह्यांनी ते पॉलिश पेपरने—"

"वहिनी, पुरे!" सिंथिया ओरडली. एरवी ती यामिनीला नावानेच हाक मारी. "पपांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. तुला काय वाटतं, त्यांनी मुद्दाम केलं? लेकाची लाज झाकायला गेले ते."

"त्याची लाज वाटावी असं काही नव्हतंच!"

"ते त्यांना कोणी सांगितलं? तू सांगितलंस? डॅरेनने सांगितलं? ह्या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि कोणी काही सांगत नाही!"

वास्तविक सकाळपर्यंत गाडी विकावी म्हणणारी सिंथिया होती आणि मार्शलच्या बाजूला यामिनी. आता लेक बापाच्या खांद्याला धरून उभी होती, आणि सून गाडीच्या पलीकडे एकटी. माणसे बाजू बदलतात ती पुष्कळदा मत बदलले म्हणून नव्हे. समोरचे माणूस कोसळताना दिसले की जवळचा हात आपोआप पुढे होतो, एवढेच.

मार्शल वळला. चेहरा त्याने बाहीने पुसला होता.

"मी पुन्हा करतो," तो म्हणाला. "पत्रा आहे. फोटो आहे. मी शिकेन. तसाच ओघळ आणीन."

"तो तुमचा ओघळ होईल, पपा," यामिनी म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता, आणि ते अधिक वाईट होते. "त्याचा कसा होईल?"

"त्याचा तरी त्याचा कुठे होता? त्यानेही दुसऱ्याचाच काढला ना?"

"हो. पण त्या दुसऱ्याला शोधायला तो गेला होता. तुम्ही त्याला शोधायला जाल, आणि तुम्हाला तो सापडेल, असं वाटतं का तुम्हाला?"

तर्काने पाहता मार्शलचा मुद्दा चुकीचा नव्हता, आणि तिचाही नव्हता; परंतु शोकात दोन बरोबर मुद्दे एकमेकांना भेटत नाहीत.

"विका," यामिनी म्हणाली. "सिंथिया, तू म्हणत होतीस तेच बरोबर. हिच्यात आता डॅरेन नाही."

"नाही, मी आता विका म्हणत नाही," सिंथिया म्हणाली. "मी ते... यामिनी, प्लीज."

या सगळ्यात प्रताप पुन्हा वाकला होता. त्याचा एक गाल गाडीच्या मडगार्डला जवळजवळ टेकला होता, आणि आरसा बॅटरीच्या ट्रेखाली गेला होता.

"अंकल," तो तसाच वाकून म्हणाला, "हा ट्रे तुम्ही खोलला नव्हता?"

"मागचा बोल्ट निघाला नाही. उजवा खांदा धरलाय, तिथवर हात पोचत नाही माझा. वरून काही दिसत नाही, म्हणून सोडला."

"यामिनी, इकडे ये. टॉर्च धर."

ती आली. आधी तिला नुसता अंधार दिसला. मग आरसा किंचित फिरला आणि नखाएवढ्या काचेत हिरवे आले, हिरव्यावर उडालेले काळे शिंतोडे आले, फाटकी कड आली, आणि कोपऱ्यात, शेवटच्या थेंबापाशी फुगून वाळलेला, एक ओघळ. ती बराच वेळ वाकून राहिली आणि कोणी तिला घाई केली नाही.

मग सिंथियाने पाहिले. मग नॅन्सीने परात बाकावर ठेवली, हात पदराला पुसले, आणि पाहिले. ती उठताना कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करून उठली. एकामागून एक, गेल्या वर्षी चर्चमध्ये शवपेटीजवळ गेले होते त्याच क्रमाने, पण हे कोणाच्या ध्यानात आले असेल असे नाही.

"पपा, या," यामिनी म्हणाली.

"माझी मान तेवढी वाकत नाही."

"मी धरते."

तिने एका हाताने त्याच्या आखडलेल्या खांद्याला आधार दिला आणि दुसऱ्याने टॉर्च धरली. प्रतापने आरसा त्याच्या नजरेशी जुळवला. मार्शलने पाहिले. त्याचे ओठ हलले. तो मोजमाप करतो तेव्हा ते तसेच हलत. आयुष्यात पहिल्यांदा तो असे काम पाहत होता, ज्यात हात दिसत होता आणि ते चांगले होते. तो सरळ झाला तेव्हा यामिनीने त्याचा खांदा लगेच सोडला नाही, पण त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"निकाल काहीही लागो," ती सिंथियाला म्हणाली, "हा ट्रे कुणी खोलायचा नाही. गाडी इथेच राहील."

सिंथियाने मान डोलावली. ईस्टरचा करार तेथे संपला.

"चला आता," नॅन्सी म्हणाली. "हातपाय धुऊन या. जेवण गार झालंय सगळं."

"थांब," मार्शल म्हणाला. "डॉक्टर, निकाल राहिला."

"अंकल, आज नको. गाडी राहतेय ना? मग झालं तर. जेवू या."

"जज म्हणून आला होतास. मी टूलरूममध्ये पोरांचं काम परत पाठवताना त्यांच्या जेवणाची वेळ पाहिली नाही, आणि कुणाच्या घरी काय झालंय हेही नाही. मला सवलत देऊ नकोस. ज्या वर्गात त्याने नाव घातलं होतं, 'कारखान्यातून निघाली तशी' या वर्गात, ती बसते का? हो की नाही?"

प्रतापने यामिनीकडे पाहिले, मग नॅन्सीकडे. दोघींनीही त्याला सोडवले नाही. त्याने आरसा रुमालाने पुसला, खिशात ठेवला आणि मार्शलसमोर उभा राहिला.

"नाही बसत," तो म्हणाला. "काम कारखान्यापेक्षा चांगलं आहे. बॅटरीखालचं तेवढं बरोबर आहे."